पहिली-दुसरीतलं मूल नेमकं कुठे अडतं? वाचन, लेखन, गणित (मराठी माध्यम आणि सेमी)

पाटीपेन्सिल :

'सगळी अक्षरं येतात, पण वाचत नाही.' 'शंभरपर्यंत घडाघडा म्हणते, पण सत्तेचाळीस लिही म्हटलं की ७४ लिहिते.' पालकसभेत या दोन तक्रारी ठरलेल्या. दोन्हींवर मिळणारं उत्तरही ठरलेलं : 'सराव घ्या.' कशाचा ते कोणी सांगत नाही. म्हणून हा धागा. मूल कोणत्या पायरीवर अडलं हे कसं ओळखायचं आणि त्या पायरीवर काय करायचं, एवढंच इथे लिहूया. आमच्या वेळी असं होतं, तसं होतं, हे कृपया नको.

वाचनाच्या तपासणीपासून सुरुवात करतो. पाच-सात मिनिटांत होते.

१. पंधरा अक्षरं उलटसुलट क्रमाने लिहा. त्यांत घ-ध, भ-म, थ-य, ब-व हवीतच. क्रमाने विचारलं की मूल वाचत नाही, म्हणतं.
२. काना-मात्रा नसलेले दोन-तीन अक्षरी शब्द : घर, नळ, बदक, मगर.
३. एकेक स्वरचिन्ह असलेले : पाटी, मुळा, बोर, केस, किडा.
४. अर्थ नसलेले शब्द : नकू, तिपा, गुले, रेबू. ही पायरी गाळू नका. पुस्तकातला 'कमळ' चित्र बघून वाचता येतो. 'रेबू' अंदाजाने वाचता येत नाही.
५. न वाचलेल्या चार-पाच शब्दांच्या दोन ओळी आणि त्यांवर एक प्रश्न.

मूल जिथे थांबलं त्याच्या एक पायरी आधीपासून काम सुरू करायचं. तिसऱ्या पायरीवर अडलेल्या मुलाला धडा वाचायला लावला तर ते धडा पाठ करतं आणि घरच्यांना वाटतं, जमलं.

अक्षरगट :

उत्तम धागा. क्रमाबद्दल लिहिते.

क ख ग घ ङ हा वर्णमालेचा क्रम उच्चारस्थानांवर बेतलेला आहे आणि शास्त्र म्हणून तो सुंदरच आहे. पण वाचन शिकवायला तो गैरसोयीचा. पहिली चार अक्षरं शिकून झाली तरी वाचायला धड चार शब्द मिळत नाहीत. त्याऐवजी क, म, ल, न, र ही पाच व्यंजनं घ्या, सोबत आ आणि काना. लगेच काय काय मिळतं बघा : काम, कान, नाक, मान, लाल, रान, मका, काका, मामा, नाना, कमान, नरम, नकल, मलम. आणि पूर्ण वाक्य : 'काल मामा आला.' पहिल्या पंधरवड्यातच मूल वाक्य वाचतं आणि वाचल्याचा अर्थ लागतो हे त्याला कळतं.

प्रत्येक गटात पाच-सहा नवी चिन्हं, त्यांत एक किंवा दोन स्वरचिन्हं. सारखी दिसणारी अक्षरं एका गटात अजिबात नकोत. घ घेतला की ध निदान दोन गट पुढे. 'फरक कळावा' म्हणून दोन्ही शेजारी शेजारी शिकवतात आणि गोंधळ तिथेच जन्माला येतो. एक पक्कं बसलं की मगच दुसरं आणायचं.

सगळी व्यंजनं संपवून मग काना, मग वेलांट्या, हाही क्रम मोडा. त्या क्रमाने गेलं तर दिवाळीपर्यंत मूल 'बदक पळ' च्या पुढे सरकत नाही.

बाराखडीचं म्हणाल तर ३४ व्यंजनं गुणिले १२ म्हणजे ४०८ रूपं होतात. म्हणायला छान, ठेका आहे. पण मधलाच 'कु' दाखवला की मूल क, का, कि, की असं पहिल्यापासून धावत येतं. म्हणजे कु ओळखलेला नसतो. बाराखडी आडवी म्हणण्याऐवजी एकच चिन्ह वेगवेगळ्या अक्षरांना लावून वाचून घ्या : कु, मु, लु, नु, रु. चिन्हाचा आवाज वेगळा काढता आला की पुढची सगळी अक्षरं फुकट मिळतात. (यात 'रु' तेवढा हट्टी. उकार खाली न लागता पोटात लागतो, तो वेगळा दाखवावा लागतो.)

दशकसुटे :

अक्षरगटताईंना +१. जोडून वाचण्याबद्दल माझे दोन पैसे.

'प ला काना पा, ट ला दुसरी वेलांटी टी, पाटी.' लिहिताना हे ठीक आहे. वाचताना हा जप लावला की मूल 'टी'पर्यंत पोचेतो 'पा' विसरलेलं असतं. वाचताना थेट पा-टी.

दुसरा घोळ शेवटच्या आणि मधल्या अ चा. आपण 'कमळ' तीन अक्षरांत लिहितो, पण बोलतो क-मळ् असं. 'चमचा' बोलताना चम्-चा. मूल मात्र प्रत्येक अक्षराला पूर्ण अ लावतं : कऽ, मऽ, ळऽ. हे तीन आवाज जोडून त्याच्या ओळखीचा शब्द तयारच होत नाही. ते तुमच्या तोंडाकडे बघत बसतं आणि आपल्याला वाटतं, लक्ष नाही.

उपाय सोपा आहे. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड तुकडा घ्या, शब्द झाका आणि उजवीकडे एकेक अक्षर उघडत जा : क... कम... कमळ. दर वेळी पहिल्यापासून एका दमात. अक्षर सुटं म्हणायचं नाही. शेवटी विचारायचं, 'हा कोणता शब्द? आपण कसा बोलतो?' दोन अक्षरी शब्दांवर रोज दहा शब्द, मग तीन अक्षरी. हे पक्कं झालं की मूल स्वतःच अ गिळायला लागतं. तो नियम समजावून सांगण्याच्या फंदात पडू नका.

टाळ्यांचा खेळ घेताना 'चमचा'ला मुलाने दोनच टाळ्या वाजवल्या तर त्या बरोबर आहेत. कानाला दोनच ऐकू येतात.

सेमीची_आई :

दुसरीत वेग किती हवा? शाळेतून 'मिनिटाला इतके शब्द' असं काहीतरी आलंय आणि घरोघरी स्टॉपवॉच सुरू झालीत.

पाटीपेन्सिल :

केंद्र सरकारचं पायाभूत वाचन-गणितासाठीचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं, त्यातली लक्ष्यं आहेत ती. पहिलीच्या अखेरीस अनोळखी मजकुरातली चार-पाच सोप्या शब्दांची वाक्यं वाचणं, दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीच्या अखेरीस निदान ६०, आणि हे सगळं अर्थ समजून. गणितात पहिलीला ९९ पर्यंतच्या संख्या, दुसरीला ९९९ पर्यंत, तिसरीला ९९९९ पर्यंत.

स्टॉपवॉचबद्दल एकच म्हणणं. मराठीत 'घर' हाही एक शब्द आणि 'शेजाऱ्यांकडच्यासुद्धा' हाही एकच शब्द. त्यामुळे उतारा बदलला की आकडा बदलतो. सारख्या काठिण्याचे न वाचलेले उतारे घ्या, बरोबर वाचलेलेच शब्द मोजा आणि तेही महिन्यातून एकदा. रोज वेळ लावली की मूल शब्दांची शेपटं गिळून पळतं : 'शाळेतून'चं 'शाळेत' होतं आणि वाक्याचा अर्थच बदलतो.

वेग वाढवायचा तर चाळीस-पन्नास शब्दांचा एकच उतारा तीन-चार वेळा. पहिल्यांदा तुम्ही वाचा, मुलाचं बोट ओळीवर. मग दोघं मिळून. मग ते एकटं. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा आणि मग नवा उतारा. आठवडाभर एकच उतारा ठेवलात तर शेवटी डोळे छतावर आणि तोंड चालू.

शिरोरेषा :

लेखनावर कोणीच बोललं नाही अजून, म्हणून नावाला जागते.

मुलं ध, भ, थ चुकतात त्याचं एक कारण वरची रेघ आहे. या तिन्ही अक्षरांवर डावीकडे रेघ तुटलेली असते. घ, म, य वर ती पूर्ण असते. वहीत मूल अक्षरं नीट काढतं आणि शेवटी अख्ख्या शब्दावर पट्टी ठेवल्यासारखी एक सरळ रेघ ओढतं. झालं, 'भात'चा 'मात' आणि 'धर'चा 'घर'. मूल 'भ विसरलं' असा शेरा मिळतो. प्रत्यक्षात भ त्याला येतो, रेघ कुठे थांबवायची ते कोणी दाखवलेलं नसतं. शब्द पूर्ण झाल्यावरच रेघ द्यायची, पण ध-भ-थ आले की पेन्सिल उचलायची. फळ्यावर ती मोकळी जागा रंगीत खडूने दाखवा. वेगळ्या पाठाची गरज नाही, तीन दिवसांत फरक दिसतो.

पहिली वेलांटी हा दुसरा सापळा. आवाज नंतर येतो आणि चिन्ह आधी काढायचं. मूल 'किडा' लिहिताना आधी क काढतं, मग वेलांटीला डावीकडे जागाच उरत नाही, मग ती उजवीकडे देऊन मोकळं होतं. सुरुवातीला आधी क काढून मग वेलांटी देऊ दे, फक्त डावीकडे बोटभर जागा सोडायला शिकवा.

अनुस्वार : 'आंबा'चं 'आमबा', 'अंडं'चं 'अनडं'. यावर लाल शाई ओतू नका. मुलाने आवाज अगदी अचूक पकडलाय. 'आंबा'त म् च ऐकू येतो, 'अंडं'त ण् च्या जवळचा. फक्त त्या आवाजासाठी आपण टिंब देतो हे त्याला माहीत नाही. आंबा, खांब, लांब असे म् वाले एका दिवशी. अंडं, झेंडा, थंड दुसऱ्या दिवशी.

जोडाक्षरं क्ष-ज्ञ पासून सुरू करणाऱ्यांना तर दंडवत. बालसाहित्याचं कुठलंही पान उघडा, म्ह, त्य, ल्य, च्य, न्ह यांचा पाऊस असतो : म्हणाला, तुम्ही, त्याने, आपल्या, घरच्या. त्यांच्यापासून सुरू करा. त्यांच्या आधी वाटल्यास पक्का, पत्ता, चप्पल असे दुहेरी घ्या. र चे चार अवतार सगळ्यात शेवटी आणि एकेक करून : प्राणी, ट्रक, सर्कस, पुऱ्या. रफाराला हमखास चूक होते, कारण र बोलायचा आधी आणि द्यायचा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. मूल 'सर्कस' लिहिताना स च्या डोक्यावर रफार देतं.

सेमीची_आई :

आणि ऱ्हस्व-दीर्घ? 'पाणि', 'फुल', 'दुध' असं सगळं चाललंय.

शिरोरेषा :

दुसरीपर्यंत एकच नियम पुरे : शब्दाच्या शेवटी इ-ई, उ-ऊ आला की दीर्घ. पाणी, आजी, लाडू, वाळू. अपवाद म्हणून 'आणि' भेटेल, तो चित्रासारखा लक्षात ठेवायचा. फूल-फुलं, दूध-दुधात, मूल-मुलांना ही जोडी तिसरीच्या पुढे. आपल्या बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घाचा फरक कानाला पुरेसा येत नाही, त्यामुळे 'नीट ऐक म्हणजे कळेल' हा सल्ला इथे चालत नाही. तोवर मुलाने चार वाक्यं मनाने लिहिली तर ती आधी वाचा. प्रत्येक वेलांटी तपासणाऱ्याच्या वर्गात मुलं आठवड्याभरात 'मी शाळेत जातो' छाप वाक्यांवर येतात, कारण तिथे चुकायची भीती नाही.

पाड्यावरची_शाळा :

एक भर. घरी पावरी, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलांना वरचं सगळं लागू करण्याआधी शब्द कळायला हवेत. 'कमान' अचूक वाचलं पण कमान म्हणजे काय हे माहीत नसेल तर ते वाचन नव्हे. पहिल्या गटाचे शब्द त्यांच्या बोलीतले घ्या, लिपी तीच. आणि 'पानी' बोलणाऱ्या घरातलं मूल 'पानी' लिहितं तेव्हा त्याचं लेखन त्याच्या कानाशी प्रामाणिक आहे. 'पुस्तकात असं लिहितात' एवढं पुरे. 'अशुद्ध' हा शब्द वर्गात नको.

चिंचोके :

आता गणित. ४७ चं ७४ का होतं?

कारण आपण 'सत्ते-चाळीस' म्हणतो, सात आधी. मूल ऐकलं त्या क्रमाने लिहितं. शिवाय तो 'सात' दर दशकात वेगळा वेष घेऊन येतो : सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस, सत्तावन्न, सदुसष्ट, सत्त्याहत्तर. पन्नाशीत तर दशकाचाही पत्ता लागत नाही : एक्कावन्न, बावन्न आणि मध्येच त्रेपन्न, चोपन्न, छप्पन्न. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस. नऊ ऐकू येत नाही, वीस ऐकू येत नाही, ऐकू येतो तो पुढचा तीस. म्हणून २९ च्या जागी ३९ लिहिणारी मुलं भरपूर. बरं, एकोणनव्वदपर्यंत हीच रीत आणि ९९ ला ती सोडून एकदम नव्याण्णव!

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात रूढ नावांबरोबर 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची पद्धत दिली होती. केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. गणित समितीच्या मंगला नारळीकर यांना जाहीरपणे त्यामागचं कारण समजावून सांगावं लागलं होतं. तो वाद इथे पुन्हा नको, पण त्यातला उपयोगाचा भाग घ्यायला काय हरकत आहे? पायऱ्या अशा :

आधी वस्तू. आइस्क्रीमच्या शंभर काड्या आणि दहा रबरबँड. दहा मोजल्या की गठ्ठा. गठ्ठे मुलानेच बांधायचे. तयार गठ्ठे दिले तर त्यात दहाच आहेत यावर त्याचा विश्वास नसतो, दर वेळी आतल्या काड्या मोजतं.

मग बोलणं : 'चार दशक सात.' या टप्प्यावर सत्तेचाळीस म्हणायचंच नाही.

मग कार्डं. १० ते ९० ची नऊ रुंद कार्डं, १ ते ९ ची निम्म्या रुंदीची नऊ. ४० च्या शून्यावर ७ ठेवला की ४७ दिसतो, उचलला की खाली ४० शाबूत. '४ म्हणजे चाळीस' हे याहून स्वस्तात कळत नाही.

शेवटी नाव. 'चार दशक सात, सत्तेचाळीस' असं जोडीने. रोज एका दशकातलीच नावं. 'एकोण'वाल्या नावांसाठी (उदा. एकोणतीस) शंभराच्या तक्त्यावर बोट ३० वर, मग एक घर मागे.

श्रुतलेखनात मुलाने आधी एककाचा अंक लिहून डावीकडे दशक लिहिला तर अडवू नका. उत्तर बरोबर येतंय. सवयीने सुटतं.

दशकसुटे :

चिंचोकेदादा, तुमच्या नावाविरुद्ध जातोय, पण दशकाला चिंचोके वापरू नका. सुटे मोजायला झकास, गठ्ठा बांधता येत नाही.

बेरीज-वजाबाकीतल्या ठरलेल्या चुका :

८ + ५ = १२. मूल बोटांवर पुढे मोजतं, पण पहिल्या बोटाला 'आठ' म्हणतं. 'आठ डोक्यात, पहिलं बोट नऊ' हे पाच-सहा वेळा करून दाखवा. बोटं वापरू नको म्हणू नका, चोरून टेबलाखाली मोजतात आणि मग चूक कुठे होते ते दिसतच नाही. पुढची पायरी दहा पुरे करण्याची : ८ ला २ हवेत, ५ मधले २ दिले, ३ उरले, १३. त्यासाठी दहाच्या जोड्या (९-१, ८-२, ७-३, ६-४, ५-५) विचारल्याबरोबर यायला हव्यात.

५२ - २७ = ३५. मुलाने ७ मधून २ काढले. हे आपणच शिकवलेलं असतं, पहिलीत 'नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं' असं म्हणून. ते वाक्य पहिलीतही वापरू नये. पाच गठ्ठे, दोन सुट्या काड्या समोर ठेवा. सात द्यायच्यात, आहेत दोन. मूल स्वतःच गठ्ठ्याचं रबर काढतं. आता चार गठ्ठे, बारा सुट्या. सात दिल्या, पाच उरल्या. दोन गठ्ठे दिले, दोन उरले. पंचवीस. काड्यांची एक हालचाल झाली की वहीत तेवढीच एक खूण : ५ खोडून ४, २ चे १२. आधी सगळ्या काड्या आणि मग सगळी वही असं केलं की दोन्हींचा संबंध तुटतो.

७ + ☐ = १०, उत्तर १७. बरोबरचं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिहा' असं डोक्यात बसलंय. १० = ७ + ☐, ६ + ४ = ☐ + ३ अशीही मांडणी अधूनमधून द्या.

एकशे पाच = १००५. ऐकलं तसं लिहिलं. वरचीच कार्डं, शतकाचं कार्ड एककाच्या तिप्पट रुंद करून : १०० वर ५ ठेवला की १०५.

अक्षरगट :

शाब्दिक उदाहरणांत 'जास्त म्हणजे बेरीज, उरले म्हणजे वजाबाकी' ही गुरुकिल्ली देणाऱ्यांना हे द्या : 'रमाकडे ८ गोट्या आहेत. त्या सीमापेक्षा ३ ने जास्त आहेत. सीमाकडे किती?' निम्मा वर्ग ११ म्हणेल. चित्र काढायला लावा, दोन ओळींत गोट्या. आणि आकडे न देता गोष्ट आपल्या शब्दांत सांगायला लावा, मग आकडे द्या.

सेमीची_आई :

सेमीत शाळेत 'फोर्टी सेव्हन' आणि घरी सत्तेचाळीस. कोणतं धरायचं? आणि पाढे?

चिंचोके :

ताई, संख्येची समज दोन्हींकडून एकच होते, म्हणून काड्या आणि कार्डं एका भाषेत पक्की होऊ द्या. शाळेची घ्या. इंग्रजीतही तेरा ते एकोणीस उलटेच आहेत, 'सेव्हन्टीन'चं ७१ करणारी मुलं असतातच. मराठी नावं बाजारहाटात, बसच्या तिकिटावर, रोज चार-पाच. ३ आणि ६ चे देवनागरी अंक एकमेकांचे आरसे आहेत, शिवाय देवनागरी १ आणि ९ सुरुवातीला सारखे वाटतात. दोन लिप्यांतले अंक एकाच पानावर मिसळू नका.

पाढे दोन, पाच, दहाचे आधी, आणि ठेक्याबरोबर वस्तू. 'बे साती चौदा' येतं, पण सात जोड्या चपला किती विचारलं की 'बे एके बे'पासून गाडी सुटते. अक्षरगटताईंनी कु चं सांगितलं तेच इथे. रोज पाच प्रश्न मधूनच विचारा.

रविवारची_शाळा :

परदेशातल्या आठवड्यातून एकदा भरणाऱ्या मराठी शाळांसाठी काय बदलायचं? इंग्रजी वाचणारी सात-आठ वर्षांची मुलं आहेत.

अक्षरगट :

कानापासून. त्यांना ट-त, ड-द, ल-ळ, न-ण चा फरक ऐकूच येत नाही, मग लिहिणार कसा? वाट-वात, डाव-दाव, काल-काळ, वेल-वेळ, मन-मण. चित्रं समोर ठेवा, तुम्ही म्हणा, त्यांनी बोट ठेवायचं. दहापैकी आठ-नऊ बरोबर आले की मगच ती अक्षरं. चमचा आणि चिमणी यांतले दोन च त्यांना मुद्दाम ऐकवावे लागतील, इथल्या मुलांना ते आपोआप येतात. जोडून वाचायला मात्र ही मुलं लवकर शिकतात, इंग्रजीतली सवय कामी येते. तिथे वेळ घालवू नका. तासात एकच अक्षरगट आणि घरी पाठवायला दहा शब्दांची एक पट्टी. अख्खी वही पाठवली तर ती पुढच्या रविवारी कोरीच परत येते.